मजामाचं बटण

गोळी जिभेखाली ठेवली की ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. दहा मिनिटं तरी लागतात. मला पहिल्यांदा गोळी दिली तेव्हा मी दुसऱ्याच मिनिटाला कंपाउंडरला काहीतरी विनोद सांगायला गेलो आणि अर्धी गोळी त्याच्या शर्टावर. त्याने शर्ट पुसला, म्हणाला, "काका, नशा सोडायला तुम्हाला महिने लागतील, पण बोलणं सोडायला हा जन्म पुरणार नाही." त्याचं खरं निघालं. नशा सुटली. बोलणं अजून चालू आहे, आणि त्या बोलण्यानेच जे झालं ते आज सांगायचं आहे.

मंडळाच्या अंकवाल्यांनी सांगितलं, नाना, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, मला सही येते, तीही घाईत केली तर बँकवाले ओळखत नाहीत. ते म्हणाले, बोला, कुणीतरी लिहून घेईल. तर माझी मुलगी ज्योती लिहून घेते आहे. तिला मी आधीच सांगितलंय, माझं बोलणं सुधारायला जाऊ नको, खूप जणांनी करून पाहिलंय.

काम म्हणजे काय, ते आधी सांगतो. सुरतला पर्वत पाटियाजवळ व्यसन सोडवायचं केंद्र आहे. पावडर ओढणारे, टोचून घेणारे, दुखण्याच्या कॅप्सूल मूठमूठ खाणारे, अशांना तिथे रोज एक गोळी देतात. ती जिभेखालची. तिने नशा चढत नाही, पण अंग जे मागतं ते भागतं. माणूस कामावर जातो, जेवतो, बायकोशी भांडतो, म्हणजे माणसात येतो. काही महिने, कुणाला काही वर्षं. लोकांना वाटतं एक नशा काढून दुसरी दिली. तसं नाही. साखरेचा आजारवाला रोज इंजेक्शन घेतो, त्याला कुणी नशेडी म्हणतं का? हे मला डॉक्टर मॅडमनी इतक्या वेळा समजावलंय की झोपेतही सांगू शकतो. एका माणसाला मात्र सांगायचं राहिलं.

मी तिथे 'साथी' आहे. साथी म्हणजे जो आधी स्वतः गटारात पडला आणि आता दुसऱ्यांना सांगतो की इथे पाय घसरतो. पलसाण्याला डाइंगच्या मिलमध्ये होतो. वाफेत उभं राहून रंगाच्या मशीनमधून कापडाचे ताके काढायचे. पाय दुखायचे, तर एकाने कॅप्सूल दिली. मग पाय दुखत नव्हते तरी खाल्ली. मग कॅप्सूल पुरेना म्हणून पावडर. त्या काळात मी भर मे महिन्यात घरातला पंखा विकला, आणि त्या दुपारी बायकोला म्हणालो, आज उकडतंय फार, पंखा का नाही लावत. ज्योती तेव्हा पाळण्यात होती. आता हे लिहिता लिहिता ती थांबली आहे. लिही बाई, पुढे लिही.

केंद्रातही मी काही सुधारायला गेलो नव्हतो. बाहेर एक सायकल बिनकुलपाची उभी होती, ती न्यायला गेलो होतो. हात सीटवर ठेवला आणि वॉचमनने पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "लाजू नका काका, पहिल्या दिवशी सगळे असेच बाहेर घुटमळतात. या आत." आत नेऊन मॅडमसमोर बसवलं. आता मी चोर होतो असं सांगायचं की पेशंट होतो असं? पेशंट म्हणणं बरं वाटलं. सायकल मॅडमची होती. अजून त्याच सायकलवर येतात. कुलूप लावत नाहीत.

गोळी रोज केंद्रातल्या माणसासमोर घ्यावी लागते. गैरसमज नको, घरी दिली तर कुणी विकतं, कुणी पाण्यात विरघळवून टोचतं. पण सुरतच्या लूमवाल्याची, म्हणजे यंत्रमाग चालवणाऱ्याची, बारा तासांची पाळी. सकाळी सात ते संध्याकाळी सात. तो रोज कोसाडहून दोन शटल रिक्षा बदलून पर्वत पाटियाला कसा येणार? येईपर्यंत त्याचे माग शेठ दुसऱ्याला देऊन मोकळा. म्हणून माणसं गळायची. गळाला की पुन्हा पावडर. त्यावर उपाय म्हणून अ‍ॅप आलं.

बेंगलोरहून एक इंजिनियर आला होता. गोरटेला, फार सभ्य. मला 'सर' म्हणायचा. मी मागे वळून बघायचो कोण आलं. त्याने समजावलं ते असं. ज्याची तब्येत जाग्यावर आली आहे त्याला आठवड्याच्या गोळ्या घरी द्यायच्या. रोज सकाळी साडेसहाला त्याचा फोन वाजतो. त्याने गोळी घ्यायची, 'घेतली'चं बटण दाबायचं. पहिले काही आठवडे गोळी जिभेखाली ठेवतानाचा व्हिडिओ काढून पाठवायचा, मग विश्वास बसला की नुसतं बटण. त्यानंतर तीन तोंडं येतात. एक हसरं, एक सरळ, एक रडकं. आज कसं वाटतंय ते दाबायचं. हसरं दाबलं तर माझ्या फोनवर त्याचं नाव हिरवं, सरळ दाबलं तर पिवळं. काहीच दाबलं नाही तर लाल. आणि रडकं दाबलं तर माझा फोन वाजतो, मी तिथे जायचं.

मला वाचता येत नाही, पण फोनमध्ये प्रत्येक नावापुढे फोटो आहे, आणि रंग ओळखायला काय लागतं? आयुष्य रंगाच्या मिलमध्ये गेलं. मला ते अ‍ॅप इंजिनियरपेक्षा लवकर समजलं, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो.

सुरुवातीला मजा आली. एकाचा व्हिडिओ त्याची बायको काढायची, त्यात गोळी दिसायची नाही, फक्त तिचा आवाज ऐकू यायचा, "आ कर, अजून आ कर, दारू प्यायला बरं उघडतं तोंड." आम्ही ऑफिसात तो व्हिडिओ चहाबरोबर बघायचो. पोपटभाई म्हणून एक म्हातारा हमाल, कोसाडच्या कॉलनीत चौथ्या मजल्यावर राहायचा. त्याने पहिल्याच दिवशी रडकं तोंड दाबलं. माझा फोन वाजला. मी दोन शटल बदलून, चार मजले चढून, धापा टाकत गेलो. तो चहा पीत बसलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा रडकं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या उंबऱ्यात बसूनच विचारलं, "काका, तुम्हाला होतंय काय?"

"मने? कशुं नथी."

"मग हे रडकं का दाबता?"

त्याने फोन लांब धरून नीट पाहिलं. म्हणाला, "हे माझ्यासारखं दिसतं."

हसायला येतं ना? मलाही आलं. पण गुडघे माझे होते. चार मजले उतरताना मी ठरवलं, याचा बंदोबस्त केला पाहिजे.

रविवारी माझ्या भागातल्या सगळ्यांना केंद्रात बोलावलं होतं, अ‍ॅप पुन्हा नीट शिकवायला. तीसेक जण, निम्मे माझ्यासारखे खान्देशातले. इंजिनियर हिंदीत सांगत होता, "जो सच में लग रहा है वही दबाइए." कुणी काही दाबत नव्हतं. एक जण बोलला, रडकं दाबलं तर घरची गोळी बंद करतील का? इंजिनियर म्हणाला, नहीं नहीं. पण ते पूर्ण खरं नव्हतं. रडकं दाबलं की मॅडम बोलावून घ्यायच्या, आणि कधी कधी काही दिवस परत समोरची गोळी सुरू व्हायची. म्हणजे पाळी बुडाली. लोकांना ते माहीत होतं.

मग मी उठलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. तीस माणसं समोर गप्प बसलेली असली की माझ्या तोंडाला खाज सुटते. मी म्हटलं, "मला सांगा, सुरतमध्ये कुणी केम छो विचारलं तर काय सांगता?"

सगळे म्हणाले, "मजामा." म्हणजे मजेत.

"घरात मयत झालेलं असलं तरी?"

"मजामा."

"मग. हा फोन रोज सकाळी केम छो विचारतो. हे हसरं तोंड म्हणजे मजामाचं बटण. ते दाबायचं आणि कामाला जायचं. रडकं दाबलं की तुम्ही परत रांगेत आणि मी परत जिन्यात."

काय हसले लोक. इंजिनियरही हसला, त्याला वाटलं मी त्याचंच सांगणं गुजरातीत समजावलं. सगळ्यांनी पटापट मजामा दाबलं. माझ्या फोनवर हिरव्यावर हिरवं, भाजीबाजारासारखं. मॅडम तेव्हा दुसऱ्या खोलीत होत्या.

निघताना एक जण मागे थांबला. भगवान. शिंदखेड्याकडचा, पस्तिशीचा, लूमवर काम करणारा. सडपातळ, कानात कायम कापसाचे तंतू. लूमच्या कारखान्यात इतका आवाज असतो की ही माणसं बाहेर एक तर ओरडून बोलतात नाही तर बोलतच नाहीत. भगवान दुसऱ्यातला. तो माझ्याशी घरच्या बोलीत बोलायचा. म्हणाला, "नाना, खरंच बरं नही वाटनं ते काय करू?"

मी म्हटलं, "ते माले फोन कर. तोंड हासतंच ठेव."

तो मान हलवून गेला. माझं हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर विसरता येत नाही.

भगवानची बायको रेखा आणि पाच वर्षांची मुलगी गावी होत्या. तो पावडरवर होता तेव्हा रेखा भांडून माहेरी गेलेली, तेही शिंदखेड्याकडेच. आता तिने अट घातली होती. आखाजीपर्यंत नीट राहिलास तर सण करून मुलीला घेऊन सुरतला येते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण, माहेरी झोके बांधतात, गाणी म्हणतात. तिचा झोका झाला की ती येणार. तोपर्यंत भगवान रोज सकाळी मजामा दाबायचा आणि त्या हसऱ्या तोंडाचा फोटो रेखाला पाठवायचा. तिलाही वाचता येत नव्हतं फारसं. तोंड तर कळतं.

तो कोसाडला एका खोलीत सुपडूबरोबर राहायचा. सुपडूही आमच्याकडचाच, एरंडोलच्या बाजूचा. दोघं एकाच कारखान्यात, शेजारशेजारच्या मागांवर. नशेशी सुपडूचा काही संबंध नाही, विडीसुद्धा नाही. लूमवर एक पद्धत असते, ती सांगतो. एकेक कारागीर आठ-दहा माग सांभाळतो. त्याला लघवीला जायचं असलं, डोळा लागला, ताप आला, तर शेजारचा त्याचे माग बघतो. याला बदली म्हणतात. शेठला कळू द्यायचं नाही, तार तुटू द्यायची नाही, माग थांबू द्यायचा नाही. कुणाची बदली करणं म्हणजे उपकार नाही, ती रीत आहे. आज मी तुझी, उद्या तू माझी.

आखाजी जवळ आली तसा भगवान खोली सजवायला लागला. मी एकदा गेलो तर भिंतीला गुलाबी रंग देत होता. "गुलाबी का रे?" तर म्हणाला पोरीने फोनवर सांगितलंय. स्टीलचा एक लहान पेला आणला होता. पेल्यावर नाव कोरून घेतलं होतं. मी म्हटलं काय लिहिलंय, तो म्हणाला तिचं नाव. दोघांनीही तो पेला उलटा धरला होता, हे सुपडूने सांगितलं. सुपडू सातवी आहे.

त्याच दिवशी भगवानने विचारलं, "नाना, ही गोळी अजून किती दिवस?" मी म्हटलं, मॅडम सांगतील तेवढे. तो म्हणाला, रेखाचा भाऊ म्हणतो, गोळी खातोस म्हणजे सुटलेलं नाही, पोरीसमोर रोज नशा करणार का. इथे मी बसून त्याला समजवायला हवं होतं. साखरेच्या आजाराचं, इंजेक्शनचं, सगळं. तेच तर माझं काम. पण मी काय बोललो सांगू? मी म्हणालो, "मेहुण्याला सांग, या गोळीने रोज दहा मिनिटं नवऱ्याचं तोंड बंद राहतं, तुझ्या बहिणीला आणखी काय हवं." फार हसला सुपडू. भगवानही थोडा हसला. आणि मी जिना उतरलो, स्वतःवर खूश होऊन.

त्यानंतर भगवानने गोळी बंद केली. कुणाला न सांगता. त्याला रेखासमोर अगदी स्वच्छ उभं राहायचं होतं. गोळ्यांची पाकिटं तो त्या पेल्याशेजारी एका डब्यात ठेवत गेला.

गोळी अशी अचानक बंद केली तर काय होतं ते मला माहीत आहे. आधी जांभया येतात, इतक्या की जबडा दुखतो. डोळ्यांतून, नाकातून पाणी. मग पाय. कुणीतरी हाडातून दोरी ओढतंय असं वाटतं. झोप नाही, पोट थांबत नाही. भगवान पहिले दिवस तसाच कामावर गेला. मग त्याला उभं राहवेना. खोलीत चादर घेऊन पडून राहायचा. सुपडूला सांगितलं, ताप आहे. सुपडूने त्याचे माग सांभाळले. आणि सकाळी साडेसहाला भगवानचा फोन वाजला की तोही सांभाळला. 'घेतली' दाबलं, मजामा दाबलं, रेखाला फोटो पाठवला, आणि कामाला गेला. भगवाननेच सांगितलं होतं, एवढं करत जा, मी बरा झालो की बघतो. सुपडूने बदली केली.

त्या रविवारी आमच्या केंद्राचा कार्यक्रम होता. माझा सत्कार. कारण माझ्या भागातली माणसं सगळी हिरवी. दुसऱ्या साथींच्या यादीत लाल, पिवळं, काय काय, आणि माझी कोसाडची यादी म्हणजे बागच. मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मॅडम म्हणाल्या, नानाभाईंनी लोकांशी नातं जोडलं. मी भाषण केलं. सायकलची गोष्ट सांगितली, पंख्याची सांगितली, लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. खिशात फोन थरथरत होता. भाषण कोण सोडतं?

जेवताना पाहिलं. भगवानचे दोन फोन येऊन गेले होते. परत फोन करायला मी बोट लावणार होतो. आधी अ‍ॅप उघडलं. त्याचं नाव हिरवं. हसरं तोंड, त्याच सकाळचं. म्हटलं, मजामा आहे. रेखाचं काहीतरी सांगायचं असेल, उद्या बोलू. श्रीखंड फार छान होतं. मी दोनदा घेतलं.

सोमवारी हिरवं. मी फोन केला नाही, घड्याळ लावायला खिळा शोधत होतो.

मंगळवारी दुपारी सुपडूचा फोन आला. सुपडूचा फोन म्हणजे आधी "जय भीम नाना", मग बाकीचं. फोन कट होऊन पुन्हा लागला तरी पुन्हा जय भीम. त्या दिवशी जय भीम नव्हतं. नुसतं, "नाना." मी चप्पल न घालताच खाली उतरलो. रिक्षात बसल्यावर कळलं की पाय भाजताहेत.

झालं ते असं. सोमवारी संध्याकाळी भगवान उठून बाहेर गेला, कुठून तरी पावडर आणली. कामावरून सुपडू आला तेव्हा तो शांत झोपलेला. सुपडूला बरं वाटलं, किती दिवसांनी झोपलाय. पावडर सुटल्यावर अंगाची जुनी सवय गेलेली असते, त्यात गोळीही बंद. जुन्या मापाने घेतली की अंगाला झेपत नाही, श्वास थांबतो. मी हे कितीतरी लोकांना तक्त्यावरची चित्रं दाखवून शिकवलंय. मंगळवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. सुपडूने उशाशी बसून मजामा दाबलं, रेखाला फोटो पाठवला, चादर नीट केली, आवाज न करता दार लोटून गेला. दुपारी भाकरी खायला आला तेव्हा चादर तशीच होती.

मी पोचलो तेव्हा माणसं जमली होती. सुपडू जिन्यात बसलेला. मला बघून म्हणाला, "मी काय वाईट कयं, नाना? तो झोपे तवय त्याना माग मीच देखू ना." तो झोपायचा तेव्हा त्याचे माग मीच बघायचो ना, एवढंच तो विचारत होता. मी त्याच्या शेजारी बसलो. माझ्या खिशातल्या फोनवर भगवान हिरवा होता.

रेखाला कोण सांगणार? सुपडू सांगू शकत नव्हता. पोलिसांनी सांगण्याआधी आपल्या माणसाने सांगावं म्हणून मी फोन लावला. मागे बायका गात होत्या, आखाजीची गाणी. झोक्याच्या कड्या वाजत होत्या. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी थोडक्यात बोललो.

ती रडली नाही. ती म्हणाली, "पन नाना, आज सकायलेच ऊनं ना, हासतं तोंड."

आज सकाळीच तर आलं, म्हणते. मी खोटं बोलतोय असंच तिला वाटत होतं. तिने दोनदा विचारलं. तिच्याकडे पुरावा होता आणि माझ्याकडे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. मजामाचं बटण कुणी शिकवलं, का शिकवलं, पोपटभाईचे चार मजले, दोन फोन, श्रीखंड, मेहुण्यावरचा विनोद. म्हटलं मला काढून टाका. मॅडम बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिल्या. स्वच्छच होती. मग म्हणाल्या, "तुमच्या यादीत बाकीचे एकोणतीस आहेत ना? त्यांच्याकडे जा. आज. बटण विचारू नका, जांभई बघा."

गेलो. आठवडाभर फिरलो. हिरव्या माणसांपैकी चार जण आतून कधीचे लाल झालेले. दोघं परत रांगेत आले, एक आला नाही, एक गावी निघून गेला. अ‍ॅपला शिव्या देऊ नका. ज्यांना ते नीट शिकवलं त्यांचं त्याने चांगलं केलंय, दुसऱ्या साथींच्या भागात रडकं तोंड दाबून वाचलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. ते विचारत होतं खरं. मीच उत्तर शिकवून ठेवलं होतं. पंखा विकणारा माणूस आणि हा माणूस एकच, फक्त मधे दात पडले.

सुपडूने खोली सोडली. गुलाबी भिंतीला आता दुसरे कारागीर पाठ टेकून बसतात. पेला मी गावी पोचवला. घड्याळ माझ्या घरी आहे, भिंतीकडे तोंड करून. चालतं ते, टिकटिक ऐकू येते.

भगवानचा फोन रेखाकडे गेला. अ‍ॅप तसंच राहिलं, काढायचं कुणाला सुचलं नाही. तेराव्यानंतर एका सकाळी साडेसहाला माझा फोन वाजला. तोच आवाज, जो पोपटभाईनंतर माझ्या भागात कधी वाजला नव्हता. उघडून पाहिलं तर भगवानचा फोटो. त्याच्यापुढे रडकं तोंड. मी खाटेवर बसलो. मग लक्षात आलं की ते दाबायला तिकडे कोण आहे.

लावला फोन. रेखा म्हणाली, "वाजनं, म्हनीसन दाबं." वाजला म्हणून दाबलं. पोरगी मागे पेल्यात पाणी मागत होती.

तेव्हापासून ती रोज दाबते. इंजिनियरने मला विचारलं, सर, हे खातं बंद करू का, रिपोर्ट बिघडतो. मी म्हटलं, बिघडू दे. रेखालाही विचारलं, बाई, काढून टाकायचं का. ती म्हणाली, "राहू द्या." तर चालू आहे.

सकाळी साडेसहाला फोन वाजतो. मी आधी चप्पल घालतो. शिंदखेड्याला चालत जाता येत नाही, मला माहीत आहे. तरी घालतो, आणि मग फोन लावतो.